हाँगकाँगचं कायम ओळखपत्र: सात वर्षांचा हिशेब

चिनी नागरिक नसलेल्यांना हाँगकाँगमध्ये कायम वास्तव्याचा हक्क मिळवायचा तर वैध प्रवासपत्रावर प्रवेश, सलग किमान 7 वर्षांचं सामान्य वास्तव्य (म्हणजे कायदेशीरपणे, नेहमीचं घर म्हणून राहणं) आणि हाँगकाँग हेच कायमचं ठिकाण मानल्याचं जाहीर निवेदन लागतं. सात वर्षं भरली म्हणजे हक्क आपोआप मिळत नाही. आधी आरओपी 145 हा अर्ज भरून कायम ओळखपत्रासाठीची पात्रता तपासून घ्यावी लागते.

खरं काम कागदपत्रांचं. नोकरीची पत्रं, करआकारणी, भाडेकरार, मुलांच्या शाळेचे दाखले असे पुरावे वर्षवार लावा. एकही वर्ष रिकामं सोडू नका. सुट्टीला किंवा कामासाठी तात्पुरतं बाहेर गेल्याने सलगता तुटत नाही. लांबलेल्या अनुपस्थितीवर मात्र प्रश्न येतात. तिचं कारण आणि त्या काळात घर, कुटुंब कुठे होतं हे अर्जासोबतच लेखी द्या.

परदेशी घरकामगारांची त्या व्हिसावरची वर्षं धरली जात नाहीत. 2013 मध्ये तिथल्या अंतिम अपील न्यायालयानेही हेच कायम ठेवलं. वर्षानुवर्षं राबलेल्या माणसांसाठी हे कठोर आहे, पण चुकीच्या आशेवर अर्ज करू नका. तुरुंगवासाचा काळही वगळला जातो.

कार्डावरचं ‘ए’ अक्षर वास्तव्यहक्क दाखवतं. चिनी नागरिक नसलेला माणूस तिथलं सामान्य वास्तव्य संपल्यावर सलग 36 महिने बाहेर राहिला, तर कायम रहिवासी हा दर्जा जातो. तरी हाँगकाँगमध्ये येण्याचा आणि राहण्याचा हक्क उरतो. त्याची खूण ‘आर’.