जहाजाच्या मॉडेलभोवती समुद्र कसा उभा करावा

जहाजाचे मॉडेल कितीही काटेकोरपणे जोडलेले असले, तरी भोवतीच्या लाटा त्याच्या मापाच्या नसतील तर ते बादलीत सोडलेल्या खेळण्यासारखे दिसते. डायोरामातले, म्हणजे मॉडेलभोवती उभ्या केलेल्या देखाव्यातले, पाणी फसते ते बहुधा रंगामुळे नव्हे, मापामुळे. म्हणून रंगाची बाटली उघडण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन तीन गोष्टी ठरवाव्यात: वारा किती व कोणत्या दिशेने आहे, जहाजाचा वेग किती आहे, आणि ते खोल समुद्रात आहे की किनाऱ्याजवळ.

वाऱ्यासाठी ब्यूफोर्ट श्रेणीचा, म्हणजे वाऱ्याचा जोर ० ते १२ अंकांत मोजणाऱ्या मापाचा, आधार घ्यावा. श्रेणी ३ मध्ये, म्हणजे ७ ते १० नॉट वाऱ्यात (१ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर), लाटांची उंची साधारण ०.६ मीटर असते आणि अधूनमधून एखाद्या लाटेच्या माथ्यावर फेस दिसतो. श्रेणी ५ मध्ये, म्हणजे १७ ते २१ नॉट वाऱ्यात, उंची २ मीटरच्या आसपास जाते आणि पांढरे माथे सर्वत्र दिसू लागतात. ही २ मीटरची लाट १:३५० या प्रमाणात जेमतेम ६ मिलिमीटर भरते आणि १:७०० मध्ये ३ मिलिमीटरही भरत नाही. उलट हिशोब केला तर १:७०० च्या मॉडेलभोवती कोरलेली एक सेंटीमीटरची लाट म्हणजे ७ मीटरची, अस्सल वादळातली लाट होय. अशा समुद्रात डेकवर निवांत उभे असलेले खलाशी शोभत नाहीत.

जहाज चालते असेल, तर त्याने स्वतः उठवलेल्या लाटांकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण पाहणाऱ्याची नजर प्रथम तिथेच जाते. खोल पाण्यात जहाजामागे पसरणाऱ्या लाटांच्या V आकाराच्या पाचरीचा कोन जहाजाच्या वेगानुसार बदलत नाही, हे लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये मांडले. मध्यरेषेच्या प्रत्येक बाजूला तो सुमारे १९.५ अंश असतो. आखणीसाठी नाळेपासून (जहाजाच्या पुढच्या टोकापासून) १० सेंटीमीटर मागे जाऊन मध्यरेषेपासून ३.५ सेंटीमीटरवर खूण केली, की पाचरीची कड मिळते. (अतिशय वेगवान लहान बोटींची पाचर मात्र याहून अरुंद दिसते.) ही कड पट्टीने ओढल्यासारखी सलग कोरू नये, प्रत्यक्षात तिथे आखूड, तिरप्या लाटा एकीमागे एक, पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकत गेलेल्या असतात.

हुलच्या (जहाजाच्या सांगाड्याच्या) अंगाला लागून उठणाऱ्या लाटांचा हिशोबही सोपा आहे. नॉटमधल्या वेगाचा वर्ग करून त्याला ०.१७ ने गुणले, की दोन माथ्यांमधले अंतर मीटरमध्ये मिळते. २० नॉट वेगाला ते ६८ मीटर येते, म्हणजे १:७०० मध्ये ९.७ सेंटीमीटर, साहजिकच २०० मीटर लांबीच्या क्रूझरच्या अंगावर जवळजवळ तीन लाटा मावतात. तेच ३० नॉटने धावणाऱ्या ११५ मीटरच्या विनाशिकेसाठी अंतर १५३ मीटर येते, म्हणजे जहाजाहूनही लांब. अशा वेळी नाळेशी एक माथा, तिथून पिछाडीपर्यंत लांबलचक खोलगट भाग आणि दुसरा माथा थेट जहाजाच्या मागे, अशी रचना करावी लागते. एवढा एकच भाग बरोबर साधला, तरी जहाज धावते आहे हे न सांगता कळते.

पायासाठी एक्सपीएस फोमचा (दाणे नसलेल्या, घट्ट पॉलिस्टायरीन फोमचा) तुकडा उत्तम. साधा दाणेदार थर्माकोल टाळावा, कारण कोरताना त्याचे दाणे निघून येतात. फोमवर जलरेषेचा आकार आखून जहाज बसेल असा खड्डा कापावा, आणि पुढची सगळी कामे करताना हुलला क्लिंग फिल्म गुंडाळून जहाज त्या खड्ड्यात बसवून पाहत राहावे. त्यामुळे पाणी हुलला नेमके भिडते आणि जहाज हवे तेव्हा सुटे करता येते. मोठ्या लाटा धारदार कटरने आणि गोल नळीला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने घडवाव्यात. द्रावकयुक्त स्प्रे पेंट फोमवर कधीही मारू नये, फोम विरघळतो.

कोरलेल्या फोमवर पांढरा गोंद आणि पाणी समप्रमाणात मिसळून टिश्यू पेपर चिकटवावा. कागद ओला असतानाच ब्रशच्या टोकाने त्याला बारीक सुरकुत्या पाडाव्यात. या सुरकुत्या वाऱ्याच्या दिशेला आडव्या असाव्यात, कारण लाटांचे माथे वाऱ्याला आडवेच असतात. १:७०० साठी टिश्यूऐवजी हलक्या हाताने चुरगळून पुन्हा उलगडलेली अ‍ॅल्युमिनियम फॉइल वापरली, तर तरंग अधिक बारीक दिसतात. हा थर पूर्ण वाळल्याशिवाय रंगाला हात लावू नये.

रंग अ‍ॅक्रिलिकच घ्यावेत. बाटलीतला शुद्ध निळा रंग सरळ लावला की समुद्र भिंतीसारखा दिसतो. फ्थॅलो ब्लूमध्ये थोडा हिरवा आणि किंचित काळा मिसळून गडद छटा करावी आणि ती खळग्यांत राहू द्यावी. माथ्यांकडे जाताना छटा उजळ व हिरवट करत न्यावी, कारण माथ्याच्या पातळ पाण्यातून प्रकाश आरपार येतो. आकाश ढगाळ दाखवायचे असेल, तर सगळ्या मिश्रणात करडा रंग मिसळावा. पिछाडीमागच्या पट्ट्यात जहाज ढकलणाऱ्या पंख्यांनी घुसळलेल्या हवेचे असंख्य बुडबुडे असतात, त्यामुळे तिथले पाणी फिकट हिरवट-निळे दिसते. हा पट्टा फेस लावण्याआधीच रंगवून घ्यावा.

यानंतर चकचकीत अ‍ॅक्रिलिक जेल मीडियमचा (रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या, रंगहीन घट्ट लेपाचा) थर द्यावा. जेल लावताना दुधी पांढरे दिसते आणि वाळताना पारदर्शक होते, म्हणून घाबरून ते पुसून टाकू नये. मात्र एकाच वेळी जाड थर दिल्यास आतला दुधीपणा बराच काळ जात नाही. पातळ थर द्यावा, तो अर्धवट घट्ट होऊ लागला की ताठ केसांच्या ब्रशने टोचून बारीक टोके वर काढावीत, आणि वाळल्यावर पुन्हा तेच करावे.

अनेकजण पाणी म्हटले की रेझिनकडे वळतात. खुल्या समुद्रासाठी मला ते पटत नाही: दुरून पाहिलेला खोल समुद्र पारदर्शक नसतोच, आणि ओतलेले रेझिन हुलच्या कडेने वर चढून काचेसारखी किनार सोडते. उथळ बंदर किंवा धक्क्याजवळचा तळ दाखवायचा असेल, तर इपॉक्सी रेझिन उपयोगी पडते. ते पातळ थरांत ओतावे, कारण जाड थर घट्ट होताना बराच तापतो; हातमोजे घालावेत आणि खोली हवेशीर ठेवावी. पॉलिएस्टर रेझिन फोमला खाते, त्याच्या वाटेला जाऊ नये.

फेस सर्वांत शेवटी. ताजा फेस दाट पांढरा असतो, तर जुना फेस विरत जाऊन जाळीसारखा होतो आणि त्याच्या भोकांतून पाण्याचा रंग दिसतो. म्हणून नाळेशी व पिछाडीशी दाट, आणि मागे जाताना तुटक, हिरवट छटेची जाळी रंगवावी. टायटॅनियम व्हाइट जवळजवळ कोरड्या ब्रशने माथ्यांवरून हलकेच फिरवावा. नाळेवर उसळणाऱ्या पाण्यासाठी कापसाचे मोजकेच तंतू ओढून जेलमध्ये भिजवून लावावेत. फेस मॅटच ठेवावा, त्यावर वॉर्निश मारू नये.

फिल्म काढून जहाज कायमचे बसवताना हुल व पाणी यांच्यातली फट जेलने भरावी आणि नाळेची लाट जिथवर पोहोचते तिथवर हुलवर चकचकीत वॉर्निशचा हात द्यावा, म्हणजे पत्रा ओला दिसतो. मग झेंडा आणि धूर तपासावेत. जहाज २० नॉटने पुढे जात असेल आणि वारा मागून १० नॉटचा असेल, तर लाटा जहाजाच्याच दिशेने सरकत असतात, पण डेकवर वारा समोरून लागतो. अशा वेळी झेंडा व धूर दोन्ही पिछाडीकडेच वळवावेत. जहाज एका नांगरावर उभे असेल आणि प्रवाह जोराचा नसेल, तर ते नाळ वाऱ्याकडे करून उभे राहते, त्यामुळे लाटा समोरून येतात, झेंडा मागे फडकतो आणि पिछाडीमागे फेसाचा पट्टा अजिबात नसतो.