फेंगशुईच्या दिशांनी खोल्या लावताना: मोजणीपासून पलंगापर्यंत

फेंगशुईप्रमाणे घर लावताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो दिशा मोजण्यात. उत्तर वीस-पंचवीस अंशांनी हुकली, की घराचे बरेचसे भाग शेजारच्या दिशेत सरकतात आणि चांगली म्हणून निवडलेली जागा वाईट ठरते. इथे दिलेली पद्धत बा चाय, म्हणजे आठ घरांची. घरातल्या माणसांनुसार खोल्या वाटायच्या असतील तर हीच सोयीची. फेंगशुईची अचूकता विज्ञानाने सिद्ध केलेली नाही, त्यामुळे तिच्यासाठी भिंती पाडू नका. पलंग, टेबल आणि खोल्यांची अदलाबदल एवढ्यावर भागतं.

दिशा मोजणं

मुख्य दारात पाठ घराकडे करून उभे राहा, होकायंत्र कमरेच्या उंचीवर आडवं धरा आणि समोरचा अंश लिहून ठेवा. मग त्याच रेषेत एक मीटर आणि तीन मीटर पुढे जाऊन पुन्हा मोजा. तिन्ही आकडे पाच अंशांच्या आत असतील तर सरासरी घ्या. (358 आणि 2 यांची सरासरी 0 येते, 180 नव्हे.) फरक पंधरा अंशांच्या वर गेला तर जवळ लोखंड आहे असं समजा: लोखंडी दार, लिफ्ट, भिंतीतल्या सळया. अशा वेळी इमारतीबाहेर मोकळ्यावर, दाराच्या रेषेला समांतर उभं राहून मोजावं.

मोबाइल वापरत असाल तर चुंबक असलेलं कव्हर काढा, फोन हवेत आडव्या 8 च्या आकारात फिरवून घ्या आणि सेटिंगमधली भौगोलिक उत्तर बंद ठेवा. पारंपरिक लुओपान, म्हणजे फेंगशुईचं चिनी होकायंत्र, चुंबकीय उत्तरेवरच चालतो.

नकाशा

घराचा नकाशा 1:50 प्रमाणात काढा, म्हणजे एका मीटरला 2 सेंमी. चौकोनी घराचा मध्य कर्णांच्या छेदावर मिळतो. आकार वेडावाकडा असेल तर नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवून कापा आणि पेन्सिलीच्या टोकावर तोलून बघा. जिथे तोल सांभाळला जातो तो मध्य. उघडी गच्ची यात धरू नका. मध्यावर पूर्ण गोल कोनमापक ठेवा. दाराचा आकडा 112 आला असेल तर 112 ची खूण दारातून बाहेर बघताना समोर येणाऱ्या बाजूला वळवा, म्हणजे 0 आपोआप उत्तरेवर येईल. मग 22.5 अंशांपासून दर 45 अंशांवर रेषा मारा. 337.5 ते 22.5 उत्तर, 22.5 ते 67.5 ईशान्य आणि पुढे त्याच क्रमाने. रेषेपासून दोन-तीन अंशांवर आलेल्या वाचनावर विसंबू नका, पुन्हा मोजा.

चिनी तक्त्यांत दक्षिण वर असते. असा तक्ता तसाच नकाशावर ठेवला की सगळं घर उलटं होतं, आणि ही चूक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. वास्तुशास्त्राचे नियमही यात मिसळू नका: तिथे आग्नेय अग्नीची, इथे ती लाकडाची.

प्रत्येकाचा कुआ अंक

कुआ अंक जन्मवर्षावरून काढतात आणि त्यावरून माणसाच्या चांगल्या-वाईट दिशा ठरतात. जन्मवर्षाचे शेवटचे दोन आकडे मिळवा आणि एक अंक उरेपर्यंत मिळवत राहा. 2000 पूर्वी जन्मलेल्या पुरुषांनी तो 10 मधून वजा करावा, स्त्रियांनी त्यात 5 मिळवावेत. 2000 पासून पुढच्या मुलांसाठी 9 मधून वजा, मुलींसाठी अधिक 6. उत्तर दोन अंकी आलं तर पुन्हा मिळवा, 0 आलं तर 9 धरा. 5 आल्यास पुरुषांनी 2 घ्यावा, स्त्रियांनी 8. या पद्धतीतलं वर्ष साधारण 4 फेब्रुवारीला सुरू होतं, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्यांनी आदलं वर्ष घ्यायचं. हे विसरल्यामुळे अनेकांचा गटच चुकतो.

1, 3, 4, 9 हा पूर्व गट, 2, 6, 7, 8 हा पश्चिम गट. चांगल्या चार दिशा या क्रमाने: शेंग ची (उत्कर्ष), तिएन यी (आरोग्य), निएन येन (नाती), फू वेई (स्थैर्य).

1: आग्नेय, पूर्व, दक्षिण, उत्तर
2: ईशान्य, पश्चिम, वायव्य, नैऋत्य
3: दक्षिण, उत्तर, आग्नेय, पूर्व
4: उत्तर, दक्षिण, पूर्व, आग्नेय
6: पश्चिम, ईशान्य, नैऋत्य, वायव्य
7: वायव्य, नैऋत्य, ईशान्य, पश्चिम
8: नैऋत्य, वायव्य, पश्चिम, ईशान्य
9: पूर्व, आग्नेय, उत्तर, दक्षिण

उरलेल्या चार दिशा त्या माणसाला प्रतिकूल.

खोल्या आणि पलंग

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: खोली घराच्या कोणत्या भागात आहे, आणि माणसाचं डोकं किंवा तोंड कुठे आहे. झोपताना डोक्याचा माथा जिकडे, ती दिशा मोजायची. टेबलाशी बसल्यावर तोंड जिकडे, ती. खोली बदलणं अवघड, पलंग वळवणं सोपं, म्हणून सुरुवात पलंगापासून करावी. उशाला तिएन यी किंवा निएन येन बरी. अभ्यासाच्या टेबलाला शेंग ची.

पण दिशेपायी मांडणी बिघडवू नका. उशाला भरीव भिंत हवी, खिडकी नको. पडल्या पडल्या दार दिसावं, पण पाय थेट दाराकडे नसावेत. डोक्यावर बीम आणि पायाशी आरसा टाळा. खोलीच्या कोपऱ्यात पलंग तिरका टाकून दिशा साधली, तर उशामागे पोकळी राहते आणि भिंतीचा आधार जातो. तसं करण्यापेक्षा दुसऱ्या क्रमांकाची दिशा घ्यावी.

नवरा-बायकोचे गट वेगळे असणं नेहमीचंच. 1978 चा पुरुष: 7+8=15, 1+5=6, 10−6=4, पूर्व गट. 1981 ची स्त्री: 8+1=9, 9+5=14, 1+4=5, म्हणून 8, पश्चिम गट. दोघांची एकही चांगली दिशा जुळत नाही. अशा वेळी ज्याची झोप किंवा तब्येत नाजूक, त्याच्या दिशेने उसं ठेवावं आणि दुसऱ्याला टेबलाची किंवा बैठकीतल्या खुर्चीची दिशा द्यावी. दोघांच्या मधली एखादी दिशा शोधायला जाऊ नका. 2012 ला जन्मलेली मुलगी (1+2+6=9) मात्र वडिलांच्या गटात बसते. तिला पूर्वेची किंवा आग्नेयेची खोली आणि पूर्वेकडे तोंड असलेलं टेबल चालेल.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर

हे दोन भाग प्रतिकूल दिशेत असलेले बरे, कारण या पद्धतीत ते तिथला वाईट प्रभाव दाबतात. कुणाच्या प्रतिकूल, असा प्रश्न पडेल. घर चालवणाऱ्याच्या, असं सहसा धरतात. वायव्येतली शेगडी मात्र बहुतेक जाणकार टाळतात: वायव्य धातूची आणि आकाशाची दिशा, अग्नी धातू वितळवतो. तिथून स्वयंपाकघर हलवता येत नसेल तर निदान शेगडी त्या भागाबाहेरच्या ओट्यावर सरकवा. शेगडी आणि सिंक यांच्यामध्ये हात-दोन हात ओटा मोकळा ठेवा. शेगडीचं तोंड कुठलं, यावर मतभेद आहेत. जुन्या चुलीत जळण घालायची बाजू मोजत, आता कुणी बटणांची बाजू धरतं तर कुणी गॅसची नळी जोडलेली. एकच नियम निवडा आणि घरभर तोच लावा.

उडते तारे ही वेगळी पद्धत आहे: तीत घराच्या भागांना काळानुसार 1 ते 9 हे आकडे, म्हणजे तारे, देतात. तिचा नववा कालखंड 4 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाला. शिवाय वर्षाचे ताऱ्यांचे आकडे दरवर्षी दिशा बदलतात, पण त्यांच्यामागे दरवर्षी पलंग फिरवायची गरज नाही. त्या वर्षी 5 चा आकडा ज्या भागात पडतो, तिथे खोदकाम आणि भिंती फोडणं टाळतात, आणि तेवढं पाळलं की पुरे.