घरचा नाताळ कसा आखावा: पहिल्या मेणबत्तीपासून मागींच्या भेटीपर्यंत

खानदेशात डिसेंबर म्हणजे कापसाची वेचणी, गव्हा-हरभऱ्याचं पाणी आणि पंपाची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. त्यातच नाताळ येतो. २० तारखेनंतर सगळ्यांची धावपळ सुरू होते. कपडे, केक, चांदणी, फराळ हे कसंबसं होतं, पण घरची प्रार्थना राहून जाते. ज्याच्यासाठी सण, त्याच्याच नावाने पंधरा मिनिटं निघत नाहीत. म्हणून क्रम उलटा करा. आधी बायबल-वाचनाची आणि प्रार्थनेची वेळ ठरवा, मग बाकीची कामं तिच्या आजूबाजूला बसवा.

सुरुवात नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात करा. २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार मागे मोजले की आगमनकाळ, म्हणजे नाताळची वाट पाहण्याचा काळ, मिळतो. २०२६ साली ते २९ नोव्हेंबर, ६, १३ आणि २० डिसेंबर असे येतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांना गोल करा. त्याच कॅलेंडरवर कॅरल फेरीची रात्र, संडे स्कूलचा कार्यक्रम, २४ च्या रात्रीची उपासना किंवा मिस्सा आणि पंपाची पाळीही लिहा. घरातलं कुणी ऊसतोडीला किंवा सुरतेकडे कामाला गेलं असेल, तर आठवड्यातली एक संध्याकाळ फोन लावून त्यांच्यासोबत वाचायची म्हणून राखून ठेवा.

रोज वाचायचं ठरवलं की चौथ्या दिवशी खंड पडतो आणि मग सगळंच थांबतं. त्यापेक्षा आठवड्यातून तीन संध्याकाळी, जेवणाच्या आधी. जेवणानंतर थंडीत पोरं गोधडीत शिरतात आणि कुणी उठत नाही.

पहिल्या आठवड्यात भविष्यवाणी: यशया ९:२-७, यशया ४०:१-५, मीखा ५:२-५. दुसऱ्या आठवड्यात लूकचा पहिला अध्याय. तो ८० वचनांचा आहे, एका दमात वाचू नका. जखऱ्या (५-२५), गब्रिएल आणि मरीया (२६-३८), अलीशिबेची भेट आणि मरीयेचं गीत (३९-५६) असे तीन भाग करा. तिसऱ्या आठवड्यात योहानाचा जन्म (५७-८०) आणि योसेफाचं स्वप्न, मत्तय १:१८-२५. तिसरी संध्याकाळ गाण्यांना ठेवा. चौथ्या आठवड्यात लूक २:१-२०, तेही सावकाश. वाचन मोठ्याने एकाने करावं आणि मग एखाद्या मुलाने तीच गोष्ट घरच्या बोलीत सांगावी: अहिराणीत, मावचीत, पावरीत, जी असेल ती. आजीला ग्रंथाच्या मराठीपेक्षा नातवाची बोली लवकर कळते, आणि मुलाला किती कळलं तेही दिसतं. शेवटी प्रत्येकाने एका माणसाचं नाव घेऊन एक वाक्य प्रार्थना करावी. लांब प्रार्थना मोठ्यांची होते, मुलांची राहत नाही.

लूक २:१-७ मात्र घरात वाचू नका. घरी किंवा शेजारी गोठा असेल तर संध्याकाळी, धारा काढून झाल्यावर, सगळ्यांनी तिथे जावं. आपल्या मुलांनी गव्हाण रोज पाहिलेली असते: बैलांच्या जिभेने गुळगुळीत झालेला काठ, तळाशी उरलेला कडब्याचा चुरा, शेणाचा आणि ओल्या वैरणीचा वास. हातातली बॅटरी गव्हाणीवर धरा, ‘गव्हाणीत ठेवले’ हे शब्द आले की थांबा आणि एक मिनिट कुणीही बोलू नका. काही समजावून सांगावं लागत नाही. मेंढपाळांचा भाग, वचनं ८ ते २०, दुसऱ्या रात्रीसाठी राखा. आसपासच्या शेतात मेंढ्यांचा वाडा बसला असेल तर तो मुलांना दिवसा दाखवून आणा. रात्रीची राखण म्हणजे काय, हे त्या मेंढपाळांनाच विचारू द्या.

दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्या लावायच्या: आशा, शांती, आनंद, प्रीती. नावांचा क्रम आणि रंग मंडळीगणिक थोडे बदलतात, आपल्या पाळकांना किंवा फादरांना विचारा. स्टीलच्या परातीत दोन इंच वाळू भरून मेणबत्त्या त्यात रोवा म्हणजे कलंडत नाहीत. भाव वाढेल म्हणून ज्या खोलीत कापूस भरून ठेवला आहे, तिथे मेणबत्ती कधीही लावू नका. गव्हाणीच्या देखाव्यात बर्फ म्हणून कापूस पसरायची पद्धतही सोडा. तो ज्योतीजवळ क्षणात पेटतो, आणि शुभवर्तमानातल्या जन्मकथेत बर्फ कुठेही नाही. कडबा, पऱ्हाटीच्या काड्या आणि मातीच्या बैलांनी देखावा जास्त खरा होतो.

देखाव्याच्या हिरवळीसाठी गहू पेरा, घटात धान पेरतात तसेच. दोन मुठी गहू १२ तास भिजवा, ओल्या फडक्यात एक रात्र बांधून ठेवा आणि १२ डिसेंबरच्या सुमारास ताटात तीन-चार सेंटिमीटर माती-खताच्या थरावर दाट पसरा. दोन दिवस झाका, मग उजेडात ठेवा. पाणी हाताने शिंपडा. तांब्याने ओतलं की तळाशी साचतं आणि बुरशी धरते. १ तारखेला पेरले तर नाताळपर्यंत आडवे पडून पिवळे होतात. थंडी फार असेल तर दोन दिवस आधी पेरलेलं बरं.

चांदणीसाठी बांबूच्या ७५ सेंटिमीटरच्या दहा काड्या लागतात. पाच-पाच काड्यांच्या दोन पंचकोनी चांदण्या करा. प्रत्येक काडीवर दोन्ही टोकांपासून साधारण २८-२९ सेंटिमीटरवर दुसरी काडी आडवी यायला हवी, नाहीतर एक कोन बुटका राहतो. दोन्ही चांदण्यांची टोकं दोऱ्याने बांधा आणि आतल्या पाच सांध्यांमध्ये १५ सेंटिमीटरचे पाच तुकडे अडकवा म्हणजे पोट फुगतं. पतंगी कागद मैद्याच्या खळीने चिकटवा, खालचा एक त्रिकोण दिव्यासाठी उघडा ठेवा. आत ५ वॉटचा एलईडी लावा, जुना तारेचा बल्ब कागद जाळतो. उघड्यावर टांगू नका, रात्रीच्या दहिवराने कागद लोंबतो. ओट्याच्या पत्र्याखाली बरी.

फराळाचं एकट्या आईवर टाकू नका. तीच स्वयंपाकघरात अडकली तर प्रार्थनेला कोण बसणार? करंज्या, शंकरपाळे, चकल्या १८ ते २२ च्या दरम्यान, रोज एकच पदार्थ, आणि लाटायला पुरुष-पोरंही. दिवाळीत शेजाऱ्यांकडून ताट आलेलं असतं, ते परत भरून द्यायची हीच वेळ. केक देताना अंड्याचा आहे की नाही ते आधीच सांगा. मार्गशीर्षातले गुरुवार बहुधा याच दिवसांत येतात आणि माळकऱ्यांचं घर असेल तर अंड्याचा प्रश्नच नाही. त्या घरांसाठी करंज्या-शंकरपाळेच उत्तम.

देण्याची रक्कम मात्र खरेदीच्या आधी काढा. एका डब्यात २९ नोव्हेंबरपासून २४ डिसेंबरपर्यंत रोज १० रुपये टाकले तर २६० रुपये होतात. तो डबा कुठे द्यायचा ते मुलांना ठरवू द्या. पालावरच्या घरांना काही द्यायचं असेल तर काय हवं ते आधी जाऊन विचारा, आणि देताना फोटो काढू नका.

२५ ला उपासनेहून आल्यावर भेटवस्तूंच्या आधी एक गाणं आणि एक प्रार्थना, एवढंच पुरे. दिवस मोठा असतो, पाहुणे येत राहतात.

मागी, म्हणजे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, २५ ला देखाव्यात ठेवू नका. मत्तय २:११ मध्ये ते घरात येतात, गोठ्यात नाही, आणि ते तीन होते असं तिथे लिहिलेलं नाही. त्यांच्या मूर्ती खिडकीत ठेवा आणि मुलांना रोज एक वीत पुढे सरकवू द्या, म्हणजे ६ जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणाला, त्या पोहोचतील. त्या संध्याकाळी मत्तय २:१-१२ वाचा. मग देखावा उतरवा. गव्हाला बुरशी नसेल तर ताट वासरापुढे गव्हाणीत रिकामं करा. चांदणीचा कागद फाडून सांगाडा आढ्याला बांधून ठेवा, नीट राहिला तर पुढच्या वर्षी फक्त कागद लागेल.