डिस्पोजलची फोर-बाय-फोर गाडी टोचन करून नेताना

देवळाली कॅम्पच्या शेजारामुळे नाशिककरांना जोंगा, महिंद्राची जीप किंवा जिप्सी या लष्करी गाड्या नवीन नाहीत, आणि लष्कराच्या डिस्पोजल लिलावात घेतलेली बंद गाडी गॅरेजपर्यंत ओढून नेण्याची वेळ त्यांच्या हौशी मालकांवर केव्हातरी येतेच. मागच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीचा गिअर न्यूट्रल केला की जवळच्या अंतरापुरते काम भागते. चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या फोर-बाय-फोर गाडीत मात्र गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या व मागच्या ॲक्सलला ताकद वाटून देणारी गिअरची पेटी, असते आणि चारही चाके रस्त्यावर ठेवून गाडी ओढताना बहुतेक नुकसान तिचेच होते.

म्हणून आधी पुढचा ॲक्सल सोडवावा आणि मग ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये आणावी. जुन्या जीपमध्ये या दोन कामांसाठी वेगवेगळे लिव्हर असतात, तर जिप्सीत एकच लिव्हर पुरतो. गाडी फोर-व्हीलमध्येच राहिली, तर वळणावर पुढची व मागची चाके कमी-जास्त अंतर कापतात, तो फरक कोठेच निघून जात नाही आणि अखेर क्रॉस (ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टचा सांधा) किंवा ट्रान्स्फर केसचे दाते तुटतात. क्रेनवाल्याने पुढची चाके उचलून मागची रस्त्यावर ठेवण्याचा आग्रह धरला, तरी याच कारणासाठी फोर-व्हील सुटले आहे की नाही याची खात्री झाल्याशिवाय त्याला होकार देऊ नये.

न्यूट्रल केले तरी प्रश्न पुरता सुटत नाही. चाकांबरोबर प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्स्फर केसपासून ॲक्सलपर्यंतचा लांब दांडा) आणि ट्रान्स्फर केसचा बाहेरचा शाफ्ट फिरतच राहतात, पण तेल उडवणारी आतली गिअरचाके थांबलेली असल्यामुळे त्या शाफ्टची बेअरिंगे कोरडी पडू शकतात. दोन-चार किलोमीटरांपेक्षा जास्त जायचे असेल तर मागचा प्रोपेलर शाफ्ट काढावा, आणि पुढच्या चाकांना फ्री-व्हीलिंग हब (चाक ॲक्सलपासून सुटे करणारे हब) नसतील तर पुढचाही काढावा, हे माझे ठाम मत आहे. काढण्यापूर्वी शाफ्ट व तो जिथे बोल्टने बसतो ती फ्लँज यांवर रंगाची खूण करावी, म्हणजे तो पुन्हा त्याच स्थितीत बसतो; क्रॉसच्या मोकळ्या कपांभोवती चिकटपट्टी गुंडाळावी, नाहीतर आतल्या बेअरिंगच्या सुया धुळीत पडतात. येथे एक धोका सहज नजरेआड होतो. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, शाफ्टवर असतो, त्यामुळे मागचा शाफ्ट निघाला की हँडब्रेक ओढूनही गाडी घरंगळते. नट सैल करण्यापूर्वीच चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत.

ओढण्यासाठी दोरी किंवा साखळी न वापरता त्रिकोणी टो-बार वापरावा आणि तो गंजलेल्या बंपरला न लावता चासीला जोडावा. बार शक्यतो जमिनीला समांतर असावा, त्याखालून दोन सुरक्षा-साखळ्या एकमेकींना छेदून बांधाव्यात, आणि ओढणारी गाडी मागच्या गाडीपेक्षा जड असावी. असा बार लावून गाडी रिव्हर्स घेऊ नये, कारण मागच्या गाडीची पुढची चाके एका बाजूला पूर्ण वळतात आणि बार वाकतो. जिप्सीचे स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून किल्ली योग्य जागी फिरवून ठेवावी. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही बाजूने तडकलेले असू शकतात, तेही पाहून घ्यावे.

ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक चालक बसलेला असणे, दोन गाड्यांमधील अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नसणे आणि मागे टोचनची पाटी असणे ही नियमांची अपेक्षा आहे. इंजिन बंद असताना बूस्टर असलेला ब्रेक फार जड लागतो, हे त्या चालकाला आधीच सांगावे. अनेक लष्करी गाड्यांची वीजयंत्रणा 24 व्होल्टची असते, म्हणून पुढच्या गाडीची 12 व्होल्टची वायर तिच्या दिव्यांना न जोडता मागे स्वतंत्र दिवे बांधावेत.

देवळाली कॅम्पहून अंबडच्या गॅरेजकडे जाताना द्वारका चौकातील गर्दीत शिरण्यापेक्षा विहितगाव, वडनेर, पाथर्डी फाटा हा मार्ग सकाळी लवकर धरावा आणि वेग ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर नेऊ नये. पहिल्या एक-दोन किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक हबजवळ हात नेऊन पाहावा. एखादा हब इतरांपेक्षा गरम लागला तर तेथे ब्रेक चिकटलेला आहे किंवा बेअरिंग सुकले आहे असे समजून पुढे जाऊ नये. गाडी कसारा घाटातून न्यायची असेल, तर टोचनाचा विचार सोडून ती सपाट ट्रकवर चढवावी, कारण लांब उतारावर दोन्ही गाड्यांचे वजन पुढच्या गाडीच्या ब्रेकवर येते आणि ते तापून निकामी होऊ शकतात. लिलावाची कागदपत्रे ट्रकचालकाकडे द्यावीत, आणि गाडी ट्रकवर आवळताना पट्टे ॲक्सलला बांधावेत, बॉडीला नव्हे.