सिम्युलेशनमध्ये पास, शेतात तडा: मशीन डिझाइन करताना या चुका टाळा

पऱ्हाटीच्या (कपाशीच्या उरलेल्या झाडांच्या) श्रेडरची, म्हणजे ती बारीक करणाऱ्या मशीनची फ्रेम संगणकावर व्यवस्थित पास झाली होती. सगळ्यात जास्त स्ट्रेस (ताण) ११० मेगापास्कल, पोलादाची यील्ड, म्हणजे ते कायमचं वाकायला लागतं ती मर्यादा, २५०. तरी अमळनेरकडच्या एका शेतात तिसऱ्याच दिवशी गसेटच्या (कोपऱ्याला आधार देणाऱ्या पट्टीच्या) टोकापासून तडा गेला. मालक फोनवर एवढंच म्हणाले, "भाऊ, मशीन भलतं थरथरस." बिघाडाचं निदान त्या एका वाक्यात होतं. मी मात्र दोन दिवस स्ट्रेसच्या रंगीत चित्रात तडा शोधत बसलो.

फ्रीकॅड हे डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि त्यातला स्ट्रेसचा हिशोब करणारा कॅल्क्युलिक्स सॉलव्हर फुकट मिळतो, त्यामुळे लहान वर्कशॉपलाही आता असा हिशोब करता येतो. ही फार मोठी सोय आहे. कपाशी निघाली की बोंडअळीच्या भीतीने पऱ्हाटी लवकर काढायची घाई असते, तेव्हा मशीन बंद पडणं कुणालाच परवडत नाही. म्हणून हे लिहितोय.

सगळीकडे 'फिक्स' लावणं

माझी चूक हीच होती. श्रेडर ट्रॅक्टरला थ्री-पॉइंट लिंकेजने, म्हणजे मागच्या तीन पिनांच्या जोडणीने जोडतात. मॉडेलमध्ये त्या तिन्ही पिनांच्या जागा मी 'फिक्स' करून टाकल्या, म्हणजे जणू फ्रेम काँक्रीटच्या भिंतीत गाडली आहे. प्रत्यक्षात खालचे दोन आर्म लवतात, पिनांना ढिलाई असते आणि मागचे टायर दबतात. आधार असा मऊ असला की फ्रेमची नैसर्गिक कंपनसंख्या (ठोका बसल्यावर ती स्वतःहून सेकंदाला जितक्या वेळा थरथरते) खाली येते. माझ्या मॉडेलमध्ये ती ४६ हर्ट्झ आली होती. आर्म आणि टायर स्प्रिंग म्हणून घातले, तर ३४ वर उतरली. रोटर फिरतो २००० आरपीएमने, म्हणजे सेकंदाला ३३ फेरे. रोटरमध्ये थोडाही असमतोल असला, तर दर फेऱ्याला फ्रेमला नेमका तिच्याच तालावर धक्का बसत होता. स्थिर लोडच्या रनमध्ये, म्हणजे न बदलणारा भार देऊन केलेल्या संगणकी हिशोबात, हे दिसणं शक्यच नव्हतं.

हे शेडमध्येच तपासता येतं. मशीन ट्रॅक्टरला जोडून उचला, इंजिन बंद करा, फोन फ्रेमला घट्ट बांधा आणि लाकडी हातोड्याने एक ठोका द्या. फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप कंपनाचा आलेख काढून देतं. फक्त फोनचा सेन्सर सेकंदाला किती नोंदी घेतो ते आधी बघा. १०० नोंदी असतील, तर ५० हर्ट्झच्या वरचं काही खरं धरू नका. ठोक्याचा आकडा आणि मॉडेलचा आकडा जुळेपर्यंत पुढचा कुठलाही रन मला आता विश्वासाचा वाटत नाही. चालू फेऱ्यांपासून किमान २० टक्के लांब राहायचं, हा माझा नियम. मास्टच्या (वरची पिन धरणाऱ्या उभ्या भागाच्या) पायथ्याशी तिरपा ब्रेस देऊन आम्ही ४१ गाठले आणि रोटर पुन्हा बॅलन्स करून घेतला.

काट्यावरचं वजन आणि मॉडेलचं वजन

लांबी मिलिमीटरमध्ये, बल न्यूटनमध्ये घेतलं, तर घनता प्रति घन मिलिमीटर टनात द्यावी लागते. पोलादासाठी ती ७.८५ गुणिले १० चा उणे नववा घात. चुकून किलोत दिली, तर वस्तुमान हजारपट होतं आणि कंपनसंख्या सुमारे ३२ पट कमी येते. म्हणून तयार फ्रेम काट्यावर ठेवा. तिचं वजन मॉडेलच्या वजनाशी आणि आधारांवरच्या प्रतिक्रियांच्या बेरजेशी ताडून बघा.

पीटीओ एकसारखा फिरतो असं धरणं

ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे मशीनला ताकद देणारा मागचा शाफ्ट, ५४० आरपीएमने फिरतो, पण युनिव्हर्सल जॉइंट (दोन शाफ्ट कोनात जोडणारा सांधा) वाकडा झाला की पुढचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. ३० अंशांच्या कोनात हा वेग साधारण ४६८ ते ६२४ मध्ये झुलतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि योक (जॉइंटचे दुहेरी काटे) एका रेषेत असतील, तर हे हेलकावे एकमेकांना मारतात. चौकोनी टेलिस्कोपिक शाफ्ट मात्र साफसफाईसाठी काढून बसवताना ९० अंश फिरला, की ते मरायच्या ऐवजी वाढतात. मॉडेलमध्ये सपाट ५४० दिलात, तर गिअरबॉक्सच्या बोल्टांवरचा खरा मार दिसणारच नाही. मल्टीबॉडीच्या रनमध्ये, म्हणजे जोडलेले भाग एकत्र फिरताना बघणाऱ्या हिशोबात, दोन्ही जॉइंट कोनासकट घाला, आणि मशीन उचललेल्या स्थितीचाही एक रन घ्या.

लाल ठिपका आणि मेश

आतल्या धारदार कोपऱ्यात मेश (हिशोबासाठी मॉडेलचे तुकडे पाडणारी जाळी) जितकी बारीक कराल तितका स्ट्रेस वाढतच जातो आणि चित्रात तिथे लाल ठिपका दिसतो. तो आकडा खरा नसतो. कोपऱ्याला खरी गोलाई द्या, किंवा वेल्डच्या टोकापासून ठरावीक अंतरावरचे स्ट्रेस वाचा. उलट, मेश जाडीभरडी ठेवली, तर खरा धोका लपतो. नॉर्वेतला स्लाइपनर ए हा समुद्री प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया १९९१ मध्ये बुडाला, त्यात एका भिंतीतला शिअर स्ट्रेस संगणकी हिशोबात सुमारे ४७ टक्के कमी धरला गेला होता. निदान तीन वेगवेगळ्या मेशवर उत्तर काढा. ते एका जागी स्थिरावलं, तरच पुढे चला.

तडा गेला की उंच ग्रेडचं पोलाद घेणं

ई २५० ऐवजी ई ३५० (यील्ड २५० ऐवजी ३५०) घेतलं, तरी लवचीकतेचा गुणांक, म्हणजे पोलादाचा ताठपणा, तोच राहतो, साधारण २०० गिगापास्कल. म्हणजे थरथर तितकीच. वेल्डची थकवा सोसण्याची ताकदही ग्रेडने फारशी वाढत नाही. पैसे जातात आणि तडा पुन्हा तिथेच येतो. त्यापेक्षा गसेटचं टोक निमुळतं करा आणि वेल्ड कमी ताणाच्या जागी सरकवा.

मातीचंही पीटीओसारखंच. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते आणि पावसात टायरला चिकटते. ट्रॉली किंवा नांगराच्या मॉडेलला मातीची एकच किंमत देऊन भागत नाही, दोन्ही टोकांचे रन लागतात.

आणि तडा गेलाच, तर वेल्डरला लगेच बोलावू नका. आधी ती जागा पुसून जवळून फोटो घ्या आणि तड्याची सुरुवात कुठून झाली ते खडूने मार्क करा. शक्य असेल, तर तेवढा तुकडा कापून ठेवा. एकदा वरून वेल्ड मारला, की कंपनाने गेला की एका दणक्यात, हे सांगणाऱ्या तड्याच्या पृष्ठभागावरच्या खुणा कायमच्या जातात.