फर्स्ट इयरला ‘आपण इथले नाहीच’ असं वाटतंय? आधी हे करून बघा

इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला पहिल्या इन-सेमचे, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेचे, मार्क लागले की हॉस्टेलवर एकच गाऱ्हाणं सुरू होतं, कॉन्फिडन्सच उरला नाही यार. पण त्यात दोन वेगळ्या भानगडी असतात, इम्पोस्टर सिंड्रोम आणि साधा कमी कॉन्फिडन्स, आणि एकीचं औषध दुसरीला दिलं तर त्रास वाढतो, म्हणून आधी आपली कुठली ते बघायचं.

एक कागद घ्या. वर्षभरात जे बरं झालं ते लिहा, म्हणजे सीईटीचं पर्सेंटाइल, कॅप राउंडला (ॲडमिशनच्या फेरीत) मिळालेली ब्रँच, एम-वनचे (पहिल्या मॅथ्सचे) मार्क वगैरे, आणि प्रत्येकासमोर ते का झालं ते लिहा. ‘पेपर सोपा होता’, ‘कटऑफ खाली आला म्हणून लागलो’, ‘मॅडमनी सढळ हाताने दिले’, आणि जे बिघडलं त्याच्यापुढे मात्र ‘मी मठ्ठ’, असा हिशोब निघाला तर तो इम्पोस्टर सिंड्रोम, म्हणजे आपण तोतये आहोत असं वाटणं. मार्क आहेत पण आपले वाटत नाहीत आणि कधीतरी पितळ उघडं पडणार ही धास्ती. 1978 साली अमेरिकेत पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघींनी शिकल्यासवरल्या, यशस्वी बायकांमध्ये हेच बघून त्यावर पेपर लिहिला. अधिकृत आजारांच्या यादीत हे नाही, त्यामुळे घाबरू नका.

आणि कागदावर काही सुचतच नसेल, किंवा भीती एका ठराविक ठिकाणीच वाटत असेल, तर तो साधा कमी कॉन्फिडन्स. मराठी मिडियमवाल्यांना हे बरोबर कळेल, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) उत्तर येत असतं पण इंग्लिशमध्ये वाक्यच जुळत नाही. यात खोटं काही नाही, सवय नाही एवढंच.

याला उपाय म्हणजे सराव, पण बारका. जर्नलमधला एकच एक्सपेरिमेंट घ्या, काय केलं, का केलं, रीडिंग चुकलं तर का, एवढं रूममेटला मोठ्याने सांगा, मनातल्या मनात नाही. अडलंच तर ‘सर, मराठीत सांगू का’ विचारा, बरेच जण चालवून घेतात. सी चा प्रोग्राम शेजारच्याचा बघून छापला तर सबमिशन होतं पण धडधड तशीच राहते, त्यापेक्षा पाच ओळींचा स्वतः लिहा आणि मुद्दाम एक सेमीकोलन काढून कसला एरर येतो ते बघा. शेजारचा अकरावीपासून कोडिंग करतोय, त्याच्याशी तुलना कशाला? बंडुरा नावाच्या सायकॉलॉजिस्टचं म्हणणंच होतं की स्वतः करून जमलेल्या गोष्टीनेच विश्वास सगळ्यात जास्त वाढतो.

इम्पोस्टरवाल्यांना मात्र हा सल्ला देऊ नका प्लीज. ते आधीच रात्री तीनपर्यंत घासत असतात, मार्क येतात, मग म्हणतात ‘एवढं घोकलं म्हणून आले, खरे हुशार लोक कुठे एवढं घोकतात’. नाहीतर शेवटच्या रात्रीपर्यंत ढकलतात आणि पास झाले की ‘नशीब’. दोन्हीकडून स्वतःचं श्रेय शून्य. क्लान्सने हेच चक्र सांगितलंय. ते मोडायचं तर पेपरच्या आधी लिहून ठेवा की काय काय झालंय, किती मार्कांची खात्री आहे, आणि निकालानंतर ताडून बघा. अंदाज दरवेळी खालीच निघाला तर घोळ तुमच्या मोजमापात आहे, डोक्यात नाही. कोणी कौतुक केलं की ‘थँक यू’ म्हणून गप्प बसा, पुढे ‘अरे लक रे’ जोडायचं नाही. आणि एखाद्या हुशार सिनिअरला फर्स्ट इयरच्या केट्यांबद्दल (राहिलेल्या विषयांबद्दल) विचाराच, मजा येईल.

बऱ्याच जणांना दोन्ही असतं, विषयागणिक वेगळं. तेही चालतं.

पण सगळंच आपल्या डोक्यात नसतं हं. कोणी कॅटेगरी विचारून ‘कोट्यातून आलास ना’ म्हणत असेल तर तिथे कागद-बिगद काही नाही, तो त्रास समोरच्याने दिलाय. जातीवरून छळणं, वाळीत टाकणं हे 2016 पासून यूजीसीच्या रॅगिंगच्या व्याख्येत येतं, अँटी-रॅगिंग हेल्पलाइन 1800-180-5522. आणि झोप-जेवण उडालं असेल, जगणंच नको वाटत असेल तर वाट बघू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं.