ऑइल टेम्परेचर गेज बसवताय? आधी सेन्सर उकळत्या पाण्यात घालून बघा

मे महिन्यात नागपुरात गाडी सुरू केली की कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) काटा थोड्याच वेळात मधोमध येतो आणि तिथेच बसतो. मग तुम्ही व्हरायटी चौकात सिग्नलला उभे असा, की शिवमडक्याहून समृद्धीला लागून ताशी १२० किलोमीटरनं तासभर चालवा. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दामच तसा ठेवलेला असतो. पाणी दहा-पंधरा अंश वरखाली झालं तरी हलत नाही. ऑइलचं तसं नाही. सकाळी पाणी तापलं तरी ऑइल बराच वेळ मागे असतं, आणि गाडी ताणली की ते पाण्याच्या खूप पुढे जातं. टर्बो असेल तर जास्तच. इंजिनाचे बेअरिंग सांभाळतं ते ऑइल, म्हणून त्याचा आकडा डोळ्यांसमोर हवा.

तीन वस्तू लागतात: ५२ मिलिमीटर व्यासाचा गेज (काट्याचं मीटर), त्याचाच सेन्सर आणि सँडविच प्लेट. सेन्सर दुसऱ्या कंपनीचा घेऊ नका, दोघांचं गणित जुळत नाही. सँडविच प्लेट ऑइल फिल्टर आणि ब्लॉकच्या मधे बसते आणि तिला सेन्सरसाठी बहुधा १/८ एनपीटीचं, म्हणजे निमुळत्या आट्यांचं भोक असतं. (कार्ट्रिज फिल्टरच्या, म्हणजे डब्याऐवजी नुसता आतला गाभा बदलायचा असतो त्या गाडीला ही प्लेट चालत नाही.) ड्रेन प्लगच्या जागी बसणारे सेन्सरही मिळतात, पण ते खाली लोंबतात. आपल्याकडचे स्पीड ब्रेकर बघता मी ते कुणालाच सुचवणार नाही.

प्लेटचे आटे मात्र नीट बघून घ्या. एम२० × १.५ आणि ३/४-१६ हे दोन आटे डोळ्यांना सारखेच दिसतात. एम२० चा फिल्टर ३/४ च्या स्टडवर (फिल्टर ज्यावर फिरवतात त्या आट्यांच्या दांड्यावर) फिरतोही, पण ढिला बसतो आणि प्रेशर आलं की ऑइल सोडतो. जुना फिल्टर सोबत घेऊनच दुकानात जा. शंका असली तर हिंगणा रोडच्या एखाद्या लेथवाल्याकडून आटे मोजून घ्या.

आता घरचं काम. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली, देशभर बातमी गेली, आणि शेवटी दोष सेन्सरचा निघाला. आपलाही सेन्सर आधी तपासा. गेजला १२ व्होल्टच्या बॅटरीवरून करंट द्या, सेन्सरची वायर जोडा, त्याच्या पितळी अंगाला अर्थ द्या (म्हणजे ते वायरनं बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा) आणि फक्त टोक पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात धरा. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे, म्हणजे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. काटा तिथं दोन-तीन अंशांच्या आत आला तर पुढे जा, नाहीतर दुकानात परत द्या.

बसवायचं काम ऑइल बदलतानाच करा, तेही पहाटे. दुपारी पोर्चची फरशीसुद्धा हात लावू देत नाही. गाडी जॅक स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. बॅटरीचं निगेटिव्ह काढा. कोमट ऑइल काढून फिल्टर उतरवला की ब्लॉकवर बोट फिरवून बघा, जुनी रबर रिंग तिथंच चिकटून राहते. तिच्यावर दुसरी चढली तर गळती ठरलेली. प्लेटच्या रिंगला ऑइलचं बोट लावा, सेन्सर एक्झॉस्टपासून लांब येईल अशी ती फिरवा आणि मधला बोल्ट पत्रकात दिलेल्या टॉर्कनं आवळा. नवा फिल्टर हातानंच. रिंग टेकली की पाऊण फेरा बास. जुनं ऑइल डब्यात भरून सर्व्हिस सेंटरला द्या. नाल्यात ओतलेलं शेवटी नाग नदीतच जातं.

सेन्सर लावताना माझी चूक झाली ती सांगतो. एका वायरच्या सेन्सरला अर्थ त्याच्या आट्यांतूनच मिळतो. मी गळती नको म्हणून टेफ्लॉन टेपचे चार वेढे दिले. भर उन्हात वर्धा रोडला जाऊन आलो, काटा ८० च्या वर सरकेना. मला बरंच वाटलं, ऑइल किती थंड! घरी येऊन सेन्सरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हला एक वायर लावली, तर काटा सरळ १०५ वर गेला. अर्थ कच्चा असला की गेज कमी दाखवतो, आणि आपण निर्धास्त राहतो. एनपीटीचे आटे निमुळते असतात, ते स्वतःच घट्ट बसतात. फार तर पहिले दोन आटे सोडून द्रव सीलंटचा एक थेंब लावा. जोर लावू नका, ॲल्युमिनियमची प्लेट तडकते.

वायरिंगला घाई नको. वायर रबरी बुशमधूनच आत घ्या, स्टीअरिंगच्या रॉडपासून आणि एक्झॉस्टपासून दूर बांधा. चावी फिरवल्यावरच करंट येणारा फ्यूज टेस्ट लॅम्पनं शोधून तिथं फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून जादा वायर काढून देणारा जोड) लावा. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला हात लावू नका. गेजच्या लाइटची वायर पार्किंग लाइटला, काळी वायर रंग खरवडलेल्या पत्र्याला. जोड क्रिंप करून (पक्कडीनं दाबून) वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसती काळी टेप नागपूरच्या उन्हात डिंक सोडते आणि महिन्याभरात वेटोळं होऊन लोंबते. काचेजवळच्या खांबात कर्टन एअरबॅग असेल तर तिथं ड्रिल करू नका, गेज डॅशवर स्क्रूनं बसवा.

इंजिन सुरू केल्यावर ऑइल प्रेशरचा दिवा विझला की खाली टॉर्च मारून बघा. बंद करून लेव्हल बघा, प्लेटमुळे थोडं जास्त ऑइल लागू शकतं. ५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा खाली वाका.

मी पाळतो ते असं: ऑइल ७० अंशांच्या आत असताना इंजिन ताणायचं नाही. ९० ते ११० नेहमीचं. १२० ला लक्ष ठेवायचं, १३० ला पाय सैल करायचा आणि गाडी लगेच बंद न करता हळू चालवत खाली आणायची. धरमपेठ ते बर्डी एवढ्याच फेऱ्या होत असतील तर काटा ९० ला पोचतच नाही, ऑइलमधला ओलावा तसाच राहतो. अशी गाडी आठवड्यातून एकदा अर्धा तास वर्धा रोडला फिरवून आणा.